हायड्रिलाच्या पानातली ये-जा : पंचवटीतल्या एका प्रयोगशाळेच्या नोंदी

बारावीला पेशीची आकृती शिकवत होते. फळ्यावर आयत, आत मोठी रिक्तिका, कडेने हिरवे दाणे. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हरितलवक आत चिकटवलेले असतात का?" मी म्हटलं, "नाही गं, फिरतात." "तुम्ही पाहिलेत?" पाहिले होते, बी.एस्सी.ला असताना, मिनिटभर, दहाजणींच्या रांगेत उभी राहून. त्यानंतर चोवीस वर्षं फक्त शिकवलं. तेव्हाच ठरवलं की या पावसाळ्यात मुलांना ते दाखवायचं, मोजायचं आणि उजेड बदलला की काय होतं तेही बघायचं. ज्या शिक्षकांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी. चुका मुद्दाम गाळलेल्या नाहीत, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच घेतला.

जवळ काय होतं: कॉलेजचा जुना संयुक्त सूक्ष्मदर्शक, १० पटीचं आयपीस, ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह, खाली हॅलोजनचा दिवा. माझा फोन. आणि प्रयोगशाळेचे मामा, ज्यांच्याशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं.

१५ जून

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची जुडी आणली, ६० रुपये. काचेच्या बरणीत नळाचं पाणी भरलं आणि जुडी त्यात सोडली. इथेच दोन चुका झाल्या. एक म्हणजे पाणी ताजं, क्लोरीनचा वास येणारं. दुसरी, दुकानातली जुडी आधीच मऊ पडलेली होती आणि पानांवर शेवाळाची बुरशीसारखी लव होती. चौथ्या दिवशी देठ गळून बरणीच्या तळाशी चिखल झाला. ६० रुपये आणि चार दिवस गेले.

१९ जून

मखमलाबादहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या शेतात विहिरीशेजारी हौद आहे. त्याचे आजोबा दर महिन्याला त्यातलं "शेवाळ" काढून बांधावर टाकतात. ते शेवाळ म्हणजे अस्सल हायड्रिला. फुलं येणारी, मुळं असणारी पूर्ण वनस्पती आहे ती, शेवाळ नव्हे. मुलाने बादलीभर आणलं, त्याच हौदाच्या पाण्यासकट. हेच करायला हवं होतं पहिल्यापासून. झाड जिथून आणाल तिथलंच पाणी आणा.

दुसऱ्या तासाला वर्गाला बोलावलं. शेंड्यापासून खाली तिसऱ्या-चौथ्या वेढ्यातलं पान चिमट्याने बुडापासून खुडलं, थेंबात ठेवलं, कव्हरस्लिप टाकली. हायड्रिला यासाठीच सोयीचा, कारण पानात पेशींचे जेमतेम दोनच थर. छेद घ्यावा लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. पेशी आरशासारख्या स्वच्छ दिसल्या, हिरवे दाणे मोजता येतील इतके स्पष्ट.

आणि सगळे स्तब्ध. एकही हलेना. पंचवीस मुलं एकेक करून डोळा लावून गेली. एकाने हळूच म्हटलंही, "मॅडम, चिकटवलेलेच आहेत." घंटा झाली, मुलं गेली. मी आवरायला म्हणून सूक्ष्मदर्शकापाशी आले, दिवा बंद करण्याआधी सवयीने एकदा पाहिलं, तर मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींमधून हरितलवक ओळीने निघाले होते. भिंतीच्या कडेकडेने, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली, रामकुंडाभोवती प्रदक्षिणा चालावी तसे. मी मामांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याला ढकलतंय कोण?"

२० जून

मामांचा प्रश्न बाजूला ठेवून आधी कालचा उलगडा केला. बादली रात्रभर अंधाऱ्या स्टोअरमध्ये होती. या कुळातल्या पानांमध्ये पेशीद्रव्य नेहमीच वाहत नसतं. उजेड पडला, पान खुडताना इजा झाली, की वाहायला लागतं, आणि त्याला वेळ लागतो. काल मी पान खुडून लगेच लेन्सखाली ठेवलं होतं. वर्गाचा तास संपेपर्यंत पेशी जाग्या होत होत्या.

म्हणजे मी जे पाहिलं ते पानाचं रोजचं जगणं होतं, की माझ्या चिमट्याला आणि माझ्या दिव्याला दिलेलं उत्तर? हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला आणि पुढचे तीन महिने सुटला नाही.

सध्यापुरता नियम: पान खुडल्यावर तीस ते चाळीस मिनिटं थेंबातच उजेडात ठेवायचं, मग मुलांना बोलवायचं. त्यानंतर एकदाही फजिती झाली नाही.

२६ जून

फोन आयपीसला धरणारा प्लास्टिकचा होल्डर, ३५० रुपये. स्क्रू घट्ट केला तरी फोन पाच मिनिटांत घसरतो. परत करायची मुदत उलटून गेली होती. दुसरा, धातूचा, ८५० रुपये. हा टिकला. पहिल्यातच थोडे जास्त पैसे घाला.

फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करायला शिका, पडद्यावर बोट दाबून धरलं की होतं. नाही तर हरितलवक सरकला की फोन स्वतःच फोकस शोधत बसतो आणि सगळं चित्र श्वास घेतल्यासारखं फुगतं.

३ जुलै

आजचा दिवस बुडबुड्यांचा. हॅलोजनचा दिवा इतका तापतो की वीस मिनिटांत कव्हरस्लिपच्या कडा कोरड्या पडतात. म्हणून मी चारही बाजू पेट्रोलियम जेलीने बंद केल्या. मग भलतंच झालं. पान प्रकाशसंश्लेषण करतंय, ऑक्सिजन सोडतंय, तो बाहेर जायला जागा नाही. पानाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरले आणि त्यांनी पानच वर उचललं. फोकस गेला. मुलांना मात्र हा बुडबुडा फार आवडला. पुस्तकात वाचलेला ऑक्सिजन असा आडवा येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

उपाय सोपा निघाला. जेलीचे फक्त चार ठिपके कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना, खुर्चीच्या पायांसारखे. पान दबत नाही, हवा खेळती राहते. दर दहा मिनिटांनी ड्रॉपरने कडेला एक थेंब. हॅलोजन काढून टाकायचा हेही आजच ठरलं. स्लाइड आणि कव्हरस्लिप मिळून २२० रुपये.

८ जुलै

वेग मोजायला मोजपट्टी लागते. स्टेज मायक्रोमीटर मागवला, १,२०० रुपये, या सगळ्यातला सर्वांत मोठा खर्च. काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे एक घर १० मायक्रॉनचं. ते लेन्सखाली ठेवून व्हिडिओ घेतला, संगणकावर मोजलं: १०० मायक्रॉनला ६४० पिक्सेल. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं.

मग २६ जूनपासूनचे सगळे व्हिडिओ मोजायला बसले आणि सेकंदाला ६ पासून ९ मायक्रॉनपर्यंत काहीही येऊ लागलं. त्याच पानात, त्याच पेशीत. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की काही व्हिडिओ घेताना मी दोन बोटांनी झूम केलं होतं, काहींत नाही. मायक्रोमीटर झूमशिवाय घेतला होता. दीडपट झूम केलेल्या व्हिडिओत ६ चे ९ होणारच. कोणता व्हिडिओ कसा घेतला याची नोंद नाही. सगळे बाद. बारा दिवसांचं काम गेलं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण त्यातले निम्मे मुलांनी डबा खायचा सोडून घेतले होते.

आता प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी मायक्रोमीटरचा पाच सेकंदांचा व्हिडिओ. झूमला हात लावायचा नाही. वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, पान कितव्या वेढ्यातलं, खुडल्याला किती मिनिटं झाली.

१५ जुलै

पहिले विश्वासाचे आकडे. तापमान २६ अंश, आठ पेशी, प्रत्येकी पाच हरितलवक: सेकंदाला ५ ते ७ मायक्रॉन. हरितलवक स्वतः साधारण ५ मायक्रॉनचा. म्हणजे सेकंदाला स्वतःच्या लांबीएवढं अंतर. फ्रिजमधल्या पाण्याचे थेंब घालून पाहिलं, वेग चटकन मंदावला, पाणी खोलीच्या तापमानाला आलं तसा परत वाढला.

मामांना उत्तर द्यायचं होतं. पेशीच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू ताणलेले असतात आणि त्यांवरून मायोसिन नावाची प्रथिनं चालतात, एटीपी या पेशीतल्या इंधनाची ऊर्जा खर्चून, ओझं ओढत. त्यांच्या ओढीने आजूबाजूचं द्रव्यही वाहायला लागतं. आपल्या स्नायूंतही ॲक्टिन आणि मायोसिनच असतात. "म्हणजे हमाल आहेत," मामा म्हणाले. मार्केट यार्डात त्यांनी तरुणपणी काम केलेलं आहे, त्यांना ते लगेच समजलं.

हे वाहणं पहिल्यांदा पाहिलं इटलीच्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी, १७७४ साली. कारा नावाच्या पाण्यातल्या शेवाळात हे वाहणं सेकंदाला ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत जातं, आमच्या हायड्रिलाच्या दहापट आणि जास्त. पण मला जी गोष्ट मुलांना सांगताना आवाज चढला ती २०१३ सालची आहे. जपानी संशोधकांनी अराबिडॉप्सिस या छोट्या रोपातल्या एका मायोसिनचा इंजिनाचा भाग बदलला. काराच्या वेगवान मायोसिनचा भाग बसवला तेव्हा रोप नेहमीपेक्षा मोठं वाढलं. माणसाच्या एका मंद मायोसिनचा बसवला तेव्हा लहान राहिलं. पेशीतल्या वाहतुकीचा वेग आणि झाडाची उंची यांचा असा थेट संबंध दाखवलेला मी तोवर वाचला नव्हता. अडीचशे वर्षं लोक हे वाहणं बघताहेत, आणि ते झाडाच्या कामाचं किती आहे हे आत्ता आत्ता उलगडतंय.

२४ जुलै

आता मूळ प्रश्न. माझ्या दिव्याचा परिणाम वगळून पेशी बघायची कशी?

पांढऱ्या एलईडीत आतून निळा एलईडीच असतो, वरचा पिवळा लेप त्या निळ्याचा काही भाग इतर रंगांत बदलतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा जोरदार निळा सुळका असतो. आणि झाडांमध्ये फोटोट्रॉपिन नावाची जी प्रथिनं उजेड ओळखून हरितलवकांना हलवतात, ती नेमका निळाच ओळखतात. म्हणजे हॅलोजन काढून मी पांढरा एलईडी लावला असता तर प्रत्येक निरीक्षणाबरोबर पेशीला हुकूम सोडत बसले असते.

आधी जिलेटिन कागद आणला, लाल आणि निळा, ३० रुपये. जुन्या सीडीवर उजेड तिरपा पाडून रंग वेगळे करून पाहिले. लाल कागद ठीक होता. निळ्या कागदातून मात्र लाल पट्टा सरळ बाहेर येत होता. डोळ्याला निळा दिसतो म्हणून तो निव्वळ निळा असतो असं नाही. कागद बाद.

महात्मा गांधी रोडवरून तीन वॉटचे लाल आणि निळे एलईडी, रेझिस्टर, वायर, मिळून २४० रुपये. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घरचाच. पहिला लाल एलईडी थेट चार्जरला जोडला, एका क्षणात गेला. दुसऱ्याला २२ ओहमचा रेझिस्टर लावला, पण पाव वॉटचा. तो तापून धूर निघाला. भौतिकशास्त्राच्या सरांनी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार करून दाखवला: रेझिस्टरवर जवळजवळ ०.३६ वॉट पडतात, पाव वॉटचा कसा टिकेल? २२ ओहम, पण एक वॉटचा. तेव्हापासून दोन्ही एलईडी नीट चालू आहेत. एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवा, गरम होतो.

२ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं. कॉलेज बंद, वीज नाही. बरणी घरी आणलेली होती, ती खिडकीत ठेवली आणि वाचत बसले.

बरं झालं वाचलं. माझी समजूत होती की लाल उजेड म्हणजे झाडाच्या लेखी अंधार. निळ्यावर हलणाऱ्या पुष्कळ झाडांत लाल उजेडाने हरितलवक जागचे हलत नाहीत हे खरं. पण व्हॅलिस्नेरिया, जी हायड्रिलाच्याच कुळातली, तिच्यात मंद लाल उजेडही हरितलवकांच्या जागा बदलतो, फायटोक्रोम या दुसऱ्याच प्रथिनाच्या वाटेने. तेव्हा माझ्या हायड्रिलाच्या बाबतीत लाल उजेड निरुपद्रवी आहे असं मी धरून चालू शकत नाही. ठरवलं ते असं: लाल शक्य तितका मंद, एका वेळी दोन मिनिटंच, मधे दहा मिनिटं अंधार.

७ ऑगस्ट

मंद लाल उजेडात पहिली मोजणी. सेकंदाला १२ मायक्रॉन! पांढऱ्यापेक्षा दुप्पट. तीन वेगळ्या पानांवर, दोन दिवस, तेच. मुलांनी फळ्यावर मोठा आलेख काढला. मी रात्री उशिरापर्यंत विचार करत बसले की लाल उजेडात मायोसिन जोरात का चालावं.

१० ऑगस्ट

ते खोटं होतं.

बारावीतल्याच त्या मुलीने, जिने चिकटवलेले का विचारलं होतं, शांतपणे व्हिडिओच्या फ्रेम मोजल्या. दोन मिनिटांच्या व्हिडिओत ३,६०० असायला हव्यात. निघाल्या १,८००. मंद उजेडात फोन आपण होऊन सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम घेत होता, जेणेकरून चित्र काळवंडू नये. मी मात्र प्रत्येक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग धरून वेग काढत होते. वेळ निम्मा धरला, वेग दुप्पट झाला. दुरुस्त केल्यावर आकडा परत ६ च्या आसपास.

तिने मला हे वर्गासमोर नाही, डब्याच्या सुट्टीत एकटीला येऊन सांगितलं. मी तिला दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मांडायला लावलं. फळ्यावरचा आलेख तिनेच पुसला.

यापुढे प्रत्येक व्हिडिओची लांबी आणि फ्रेमची संख्या वहीत लिहायची. शक्य असेल तर कॅमेऱ्याचं असं ॲप घ्या ज्यात फ्रेमचा वेग स्वतः ठरवता येतो.

१७ ऑगस्ट

गणपती जवळ आले. शेजारच्या पटांगणात रोज संध्याकाळी पाचपासून ढोलपथकाचा सराव. टिपरू पडलं की खिडकीचं तावदान वाजतं आणि पडद्यावर अख्खं पान थरथरतं. अंधारात ठेवलेल्या पानांचे व्हिडिओ मला संध्याकाळीच घ्यावे लागतात, कारण दिवसा खोलीत पूर्ण अंधार होत नाही. चार दिवसांचे व्हिडिओ थरथरीमुळे टाकून दिले.

१९ ऑगस्ट

फरशीवाल्याकडून कडप्प्याचा तुकडा, दोन फूट बाय दीड, १५० रुपये. मामांनी स्कूटरची जुनी ट्यूब आणली, अर्धी हवा भरून टेबलावर ठेवली, तिच्यावर कडप्पा, त्यावर सूक्ष्मदर्शक. ट्यूब टम्म फुगवू नका, अर्धीच. ढोल चालू असताना पाहिलं, पानाच्या भिंती स्थिर. काम झालं.

पण हरितलवक अजून थरथरत होते.

अंधारातून काढलेलं पान, अगदी मंद लाल उजेड. पेशीच्या पृष्ठभागावर हरितलवक एका थरात दाटीने बसलेले, वाहत नाहीत, ओळी नाहीत. प्रत्येक जण आपापल्या जागी हलतोय, फार थोडं, हरितलवकाच्या रुंदीच्या लहानशा अंशाएवढं. आधी वाटलं ट्यूब गळतेय. मग एका पेशीतले शेजारचे दोन दाणे दहा मिनिटं बघत बसले. टेबल हललं असतं तर दोघे एकाच दिशेला हलले असते. हे दोघे वेगवेगळे हलत होते. एक डावीकडे सरकायचा, शेजारी त्याला अडवायचा, तो परत मागे. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या माणसासारखं, हलतो पण जागा सोडता येत नाही. आणि मध्येच एखादा फट सापडून पुढे सरकतो, लगेच दुसऱ्या घोळक्यात अडकतो.

म्हणजे १७ तारखेपर्यंत जे व्हिडिओ मी ढोलाच्या नावाने टाकून दिले, त्यांत हेही होतं.

घरी येऊन शोधलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली नेमकं हेच प्रसिद्ध केलंय, हायड्रिलाच्या जवळच्या एलोडियात. मंद उजेडात दाटीने बसलेले हरितलवक काच होण्याच्या उंबरठ्यावरच्या द्रवासारखे वागतात. काचेत कणांची मांडणी द्रवासारखीच विस्कळीत असते, पण एकमेकांना इतके अडवून असतात की वाहता येत नाही. हरितलवकांचं तसं. पसरून बसल्यामुळे कमी उजेडातही जास्तीत जास्त उजेड पकडता येतो, आणि घट्ट जखडलेले नसल्यामुळे उजेड वाढला की पटकन निघता येतं. भौतिकशास्त्राच्या सरांना दाखवलं तर ते आपला तास विसरून सूक्ष्मदर्शकापाशी बसले.

१९ जूनला "चिकटवलेलेच आहेत" म्हणणाऱ्या मुलाला आज परत बोलावलं. त्या दिवशी त्याने जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं, मी वीसपट घाईत होते. त्याने दहा मिनिटं डोळा लावला आणि म्हणाला, "मॅडम, तो कोपऱ्यातला सुटला."

२८ ऑगस्ट

सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळांसाठी एक प्रयोग. नुसत्या डोळ्यांनी हरितलवकांची हालचाल दिसते, पानावर पट्टी उमटवून.

रोपवाटिकेतून ट्रॅडेस्कॅन्शियाची कुंडी, ८० रुपये. मी घेतली ती जांभळट पाठीची, चंदेरी पट्ट्यांची, कारण तीच सुंदर दिसत होती. चूक. जांभळ्या रंगाखाली आणि पट्ट्यांमध्ये काहीच कळत नाही. साधी हिरवी शेजारणीच्या गॅलरीत होती, तिने फांदी फुकट दिली.

काळ्या कार्डाला चार मिलिमीटर रुंद फट कापली, पानावर बसवली. पहिल्यांदा गच्चीत, ढग फुटून आलेल्या दुपारच्या उन्हात. तासाभरात फटीखालचं पान कोमेजलं. फिकट दिसलं खरं, पण ते हालचालीमुळे की भाजल्यामुळे, सांगता येईना. दुसऱ्यांदा पान ओल्या कापसावर, वर निळा एलईडी पाच सेंटिमीटरवर. एक तासाने कार्ड काढून पान खिडकीशी धरलं: हिरव्या पानात फिकट पट्टी, पेन्सिलने आखल्यासारखी. लाल एलईडीखाली दुसरं पान, तेवढाच वेळ: पट्टी नाही. निळ्याचं पान मंद उजेडात ठेवून दिलं, संध्याकाळपर्यंत पट्टी पुसून गेली. मेलेली पेशी परत हिरवी झाली नसती, तेव्हा गच्चीतल्या पानाची शंका इथे राहत नाही.

तीव्र निळ्यात हरितलवक पानाच्या पृष्ठभागावरून उठून उभ्या भिंतींना जाऊन चिकटतात, एकमेकांच्या सावलीत उभे राहतात, म्हणून पान फिकट दिसतं. ही फक्त सोय नाही, ढाल आहे. २००२ साली दाखवलं गेलं की ज्या अराबिडॉप्सिस रोपांच्या हरितलवकांना असं पळता येत नाही त्यांची पानं कडक उजेडात जास्त लवकर खराब होतात. आमच्याकडे द्राक्षबागांचे लोक छाटणीनंतर उघड्या पडलेल्या पानांची काळजी करतात. मुलांपैकी निम्मी तशा घरांतली. त्यांनी पट्टी उमटलेलं पान वहीत दाबून ठेवायला मागितलं, मला सांगावं लागलं की वाळल्यावर ते राहणार नाही, फोटो काढा.

६ सप्टेंबर

हायड्रिलावर तेच, लेन्सखाली. मंद लाल उजेडात दहा पेशी निवडल्या, समोरच्या पृष्ठभागावरचे हरितलवक मोजले: पेशीमागे सरासरी ३४. निळा एलईडी चाळीस मिनिटं. परत मोजले: ११. बाकीचे बाजूच्या भिंतींना, आणि तिथे ते थांबलेले नाहीत, कडेने फिरताहेत. जी थरथर १९ ऑगस्टला पाहिली ती निळा लागल्यावर साधारण पाच-सहा मिनिटांत वाढली, मग घोळक्यातून एकेक सुटायला लागला, मग दोन-तीन मिळून, मग अचानक सगळी कडच वाहायला लागली. हा बदल कोणत्या मिनिटाला होतो ते तीनदा पाहिलं, तीनदा वेगळं आलं. पान किती वेळ अंधारात होतं यावर ते असावं. पुढची मोजणी त्याची, अंधाराचे तास बदलून.

१३ सप्टेंबर

इगतपुरीकडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सामान मागितलं आहे, पंधरा दिवसांसाठी. आज खोका भरला. एकूण खर्च ३,१८० रुपये. त्यातले ६० ची जुडी, ३५० चा होल्डर आणि ३० चा कागद टाळता आले असते.

बाईंसाठी खोक्यात चिठ्ठी ठेवली आहे ती इथेही लिहिते. हायड्रिला आम्ही पाठवत नाही, तुमच्या तिथल्या विहिरीत किंवा ओढ्यात शोधा, त्याच पाण्यात ठेवा. मायक्रोमीटरची काच ओल्या फडक्याने पुसू नका. ट्यूबची हवा प्रवासात कमी होईल, अंगठा दाबल्यावर अर्धा इंच आत जायला हवा इतपत भरा. पहिल्या दिवशी काही हललं नाही तर मुलांना घरी पाठवू नका, तेच आधी बघू द्या. लाल एलईडीच्या वायरीला घाईत निळी चिकटपट्टी गुंडाळली गेली आहे आणि बदलायला वेळ मिळाला नाही. लांब वायर ती लाल, आखूड ती निळी.